माजी सैनिकांचे आभार कसे मानावेत, म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही?

सत्कार ठरवण्याआधी त्यांना एकट्यात विचारा. न सांगता व्यासपीठावर बोलावणं टाळाच. होकार आला तर नाव, हुद्दा, युनिट आणि सेवेची वर्षं त्यांच्याकडूनच लिहून घ्या. निवेदक नेमके इथे चुकतात: नायकाचा हवालदार करतात, नौदलातल्या माणसाला लष्करात घालतात, आणि ते फार लागतं. छातीवरची पदकं हाताळू नका, त्यांचा क्रम नियमाने ठरलेला असतो. फटाके तर नकोतच. अचानक झालेला आवाज कुणाकुणाला थेट रणांगणावर नेतो.

‘किती शत्रू मारले?’ हा प्रश्न कधीही विचारू नये. ‘तुमच्याकडे काम कोणतं होतं?’ असं विचारा आणि ते थांबतील तिथे थांबा. स्वयंपाकी, मेकॅनिक, सिग्नलवाले यांचीही सेवा तेवढीच मोलाची.

मला विचाराल तर शाल-श्रीफळापेक्षा हाताने लिहिलेलं पाच-सहा ओळींचं पत्र द्यावं. त्यात मोघम स्तुती नको; ‘तुम्ही अमुक वर्षं घरापासून दूर राहिलात’ अशी एक नेमकी गोष्ट लिहा. पत्रात त्यांच्या पत्नीचं किंवा पतीचं नाव जरूर घ्या, कारण तेवढी वर्षं घर त्यांनीच सांभाळलेलं असतं.