बेळगाव भागात कुठल्या घराण्याचा वाडा आवर्जून पाहावा?

एकच दिवस असेल तर सवदत्ती तालुक्यातलं शिरसंगी गाठा. तिथला देसायांचा वाडा उभा आहेच, पण मला जास्त ओढ वाटते ती त्या घरात दत्तक आलेल्या लिंगराज देसाईंची (१८६१-१९०६). त्यांनी आपली सगळी इस्टेट मुलांच्या शिक्षणासाठी देऊन टाकली. बेळगावातलं लिंगराज कॉलेज त्यांच्याच नावाचं.

कित्तूरला राणी चन्नम्मांच्या सासरच्या देसायांचा राजवाडा होता. १८२४ च्या लढाईनंतर आता भिंती आणि जोतीच उरलीत. तरी जा, शेजारी संग्रहालय आहे.

निपाणीत निपाणकर देसायांचा वाडा आहे, कोल्हापूरकडून येताना वाटेतच पडतं. वाड्यात राहतं घर असेल तर आधी विचारूनच आत जा, ही कळकळीची विनंती.