भुताची पांढरी साडी हॉलिवूडची की आपली? भारतात भयचित्रं होती का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भारतीय कलेत देवादिकांची सुंदर रूपं होती, पण अंगावर काटा आणणारी चित्रं नव्हतीच, सापळे, रक्त पिणारे चेहरे, पांढऱ्या साडीतली बाई हे सगळं पाश्चात्त्य सिनेमातून आलं, हे खरं का?

नाही. सापळे आपल्याकडे दगडात होते, सिनेमाच्या हजारावर वर्षं आधी. पांढऱ्या साडीतली बाई मात्र खरंच सिनेमाची आहे, आणि तिच्या मागचा अंधार रचायला एक जर्मन माणूस होता. दोन्ही सांगतो, आणि ‘तुंबाड’ हा भयपट शंभर टक्के आपला का, हा तुमचा दुसरा प्रश्न शेवटी घेतो. मी नागपुरात चित्रकला शिकवतो, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी दगड. पोरांना वेरूळला नेलं की सगळे कैलासकडे धावतात. मी त्यांना अगोदर एकविसाव्या लेण्यात नेतो, रामेश्वर. साधारण सहाव्या शतकातलं काम आहे. बाहेर गंगेची देखणी मूर्ती आणि आत एका बाजूच्या दालनात सप्तमातृका, म्हणजे सात मातृदेवता. त्यांच्याजवळच काळ, म्हणजे मृत्यू, उभा आहे: नुसता सापळा, एकेक बरगडी उघडी, पोटाच्या जागी खड्डा. पोरं एकदम गप्प होतात. चामुंडेच्या मूर्ती तर भारतभर आहेत. खोबणीत गेलेले डोळे, लोंबलेले स्तन, आत ओढलेलं पोट आणि कित्येकदा त्या पोटावर कोरलेला विंचू. भूक आणि रोग यांचं इतकं नेमकं चित्र मला आधुनिक कलेतही फार कमी दिसलं आहे. शिल्पकाराने दुष्काळात माणसं बघितली असणार, त्याशिवाय हे जमत नाही.

पण ही चित्रं घाबरवण्यासाठी नव्हती, राखणीसाठी होती. देवळाच्या दारावर कीर्तिमुख असतं, त्याची गोष्टच बघा. शंकराने राहूला खायला एक अक्राळविक्राळ प्राणी निर्माण केला. राहू शरण आला, त्याला सोडावं लागलं. आता माझ्या भुकेचं काय, असं त्या प्राण्याने विचारलं, तर शंकर म्हणाला, स्वतःलाच खा. त्याने पायापासून सुरुवात केली आणि फक्त तोंड उरलं. खूश होऊन शंकराने त्याला दारावरची जागा दिली. म्हणजे आपल्याकडे भीतीला नोकरीला ठेवलेलं होतं. भयानक काहीतरी दारावर बसवायचं, की दुसरं भयानक आत येत नाही.

ही नोकरी नागपुरात अजून चालू आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीकडे या. काळी आणि पिवळी अशा दोन मारबती निघतात, १८८०च्या दशकापासून. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद आणि कापड, वरून रंग, आणि डोळे असे की लहान पोर आईच्या पदरात शिरतं. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेल्या भोसले घराण्यातल्या बांकाबाई, असं सांगतात. कोणी तिला पूतना म्हणतं. नेहरू पुतळ्याजवळ दोघींची गाठ पडते, "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी उठते आणि शेवटी त्यांना जाळतात. सोबत बडगे असतात: महागाई, भ्रष्टाचार, दहशतवाद, त्या वर्षी ज्याचा राग असेल त्याचा पुतळा. गंमत म्हणजे जिला जाळायचं तिच्यापुढे आधी बाया हात जोडतात, नवस बोलतात. बाहेरगावच्या पाहुण्याला हे समजावताना माझी दरवेळी दमछाक होते. राक्षशीण आहे तर पूजा काहून करता? अरे बापा, घरातली रोगराई तिच्या डोक्यावर लादून पाठवायची आहे, मग जरा गोड बोलायला नको का?

इथवर वाचून कोणी म्हणेल की भीती विधीसाठी आपली आणि करमणुकीसाठी त्यांची. ही वाटणी मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे आणि मला ती अजिबात पटत नाही. बाणभट्टाच्या हर्षचरितात, म्हणजे सातव्या शतकात, भर बाजारात एक यमपट्टिक उभा आहे. हातात कापडावर रंगवलेला पट, त्यावर रेड्यावर बसलेला यम, आणि भोवती पोरांचा गराडा. परलोकात काय काय होतं ते तो पोरांना दाखवतो आहे. मुद्राराक्षस नाटकात तर गुप्तहेरच यमपट घेऊन घरोघरी फिरतो, कारण अशा माणसाला कोणी हटकत नाही. पुढे छापखाने आले तसा हाच यम कॅलेंडरवर गेला. उकळत्या कढईतले पापी, जीभ ओढणारे यमदूत, आणि खाली ‘जैसी करनी वैसी भरनी’. जत्रेत ही चित्रं अजूनही दिसतात. वर नीतीचा उपदेश असतो हे खरं, पण पोरं उपदेशासाठी थोडीच थांबतात.

आणि भवभूती तर आपलाच माणूस. विदर्भातल्या पद्मपूरचा. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी हे पद्मपूर म्हणजे आत्ताच्या गोंदिया जिल्ह्यातलं आमगावजवळचं गाव असं दाखवून दिलं. आठव्या शतकातल्या या नाटककाराच्या मालतीमाधवाचा पाचवा अंक वाचा. प्रेमात हताश झालेला माधव रात्री स्मशानात माणसाचं मांस विकायला उभा आहे आणि गिऱ्हाईक कोण, तर भुतं. समोर पिशाच्चं प्रेत फाडून खातात त्याचं वर्णन इतकं तपशीलवार आहे की वर्गात मी ते कधी पूर्ण वाचून दाखवलेलं नाही. जवळच करालेच्या, म्हणजे चामुंडेच्याच, देवळात अघोरघंट नावाचा कापालिक तांत्रिक नायिका मालतीचा बळी द्यायच्या तयारीत. चामुंडा इथेही आहे, पण आता ती राखणदार नाही, ती रंगभूमीवरचा धोका आहे. नायक वेळेवर पोचतो. म्हणजे अख्खा हॉरर सिनेमाचा साचा, आणि हे बघायला बसलेले लोक सुसंस्कृत, रसिक. नाट्यशास्त्राने भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस मानले. भयानकाचा रंग काळा, बीभत्साचा निळा. भीती आणि किळस या वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे ज्यांनी रंगासकट सांगून ठेवलं, त्यांना हॉरर कळत नव्हता असं कसं म्हणायचं?

मग पाश्चात्त्यांनी काय वेगळं केलं? माझ्या मते त्यांनी भीतीचं यंत्र बनवलं. पहिलं यंत्र छापखान्याचं. १३४७ ते १३५१च्या प्लेगने युरोपचा मोठा हिस्सा मेला. १४२४-२५ मध्ये पॅरिसच्या एका कब्रस्तानाच्या भिंतीवर सापळे राजा-पाद्री-शेतकरी सगळ्यांना हाताला धरून नाचवत नेत आहेत, असं चित्र रंगवलं गेलं. भिंत जागची हलत नाही. पण हान्स होल्बाइन या चित्रकाराने हाच विषय लाकडी ठशांत उतरवला आणि १५३८मध्ये तो पुस्तक होऊन बाहेर पडला. चित्रं तळहाताएवढीही नाहीत. नांगर धरलेल्या म्हाताऱ्याच्या पुढे सापळा धावतोय आणि घोड्यांना हाकतोय, ते चित्र मी फळ्यावर दरवर्षी काढतो. पोपलाही तो सोडत नाही. मृत्यू आता खिशात मावायला लागला. १७८१मध्ये फ्युझेली या चित्रकाराने झोपलेल्या बाईच्या छातीवर बसलेला सैतान रंगवला, त्याच्याही छापील प्रती भराभर खपल्या. छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटून जाग येणं हा अनुभव आपल्याकडेही घरोघरी आहे, फक्त आपण त्याचं चित्र न काढता उशाखाली चाकू ठेवला.

दुसरं यंत्र दिव्याचं, आणि खरा बदल तिथे झाला. पॅरिसमध्ये रोबेअरसन नावाने खेळ करणारा एक बेल्जियन माणूस होता. १७९९च्या सुमारास त्याने ओस पडलेल्या एका मठात ‘फँटासमागोरिया’ सुरू केला. लोकांना अंधाऱ्या खोलीत बसवायचं, मध्ये मेणकापडाचा पडदा. पडद्यामागे चाकांवर ठेवलेला जादूचा कंदील, त्यात काचेवर रंगवलेलं भूत. भोवतीची काच काळी रंगवलेली, त्यामुळे भूत हवेत तरंगतंय असं दिसायचं. कंदील मागे ओढला की भूत वाढत वाढत अंगावर येई. कधी पडद्याऐवजी धुरावरच चित्र पाडत. बाया किंचाळत, पुरुष उठून उभे राहत. लक्षात घ्या, प्रेक्षक कोण होते? पाच-सहा वर्षांपूर्वी ज्यांनी रस्त्यात गिलोटिनखाली मुंडकी पडताना पाहिली होती ते. खरी भीती ताजी असताना माणूस तिकीट काढून खोटी भीती बघायला जातो, हे मला फार विलक्षण वाटतं. आणि त्या बाजूला गोया हा स्पॅनिश चित्रकार. त्याने १८१९ ते १८२३च्या दरम्यान स्वतःच्या घराच्या भिंतीवर आपलं पोर खाणारा शनी, म्हणजे रोमन देव सॅटर्न, रंगवला. कोणाला दाखवायचा नव्हता, विकायचा नव्हता. तो माणूस या सगळ्या बाजारात बसतच नाही, म्हणून त्याला इथेच सोडतो.

सिनेमाने कंदिलाचंच काम पुढे नेलं. आणि आज आपल्याला ‘प्राचीन’ वाटणाऱ्या कित्येक गोष्टी त्याने शंभर वर्षांत घडवल्या. ऊन पडलं की ड्रॅक्युलासारखा पिशाच्च मरतो, हे कोणालाही विचारा. स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाही फिरतो! उन्हाने मरायची कल्पना १९२२च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटाची. तोही परवानगीशिवाय काढलेला. स्टोकरच्या विधवेने खटला भरला आणि कोर्टाने प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही वाचल्या म्हणून आपल्याला तो दिसतो. फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाचं चपटं डोकं आणि मानेतले खिळे मेरी शेलीच्या पुस्तकात शोधू नका, ते १९३१मध्ये जॅक पिअर्स या रंगभूषाकाराने दिले.

आता पांढरी साडी. निर्माते हिमांशु राय यांच्या सिनेमासाठी १९२५मध्ये म्युनिकहून योझेफ व्हिर्शिंग नावाचा कॅमेरामन आला. जर्मन सिनेमात सावलीला पात्राचा मान होता, त्या वातावरणात तो शिकलेला. पुढे तो बॉम्बे टॉकीज या स्टुडिओत राहिला, दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून स्थानबद्धही झाला, आणि १९४९मध्ये त्याने ‘महल’ चित्रित केला. ओस वाडा, झोपाळा, झुंबर, अर्ध्या उजेडातली मधुबाला. भूत शेवटी निघतच नाही, माळ्याची पोरगी निघते, पण अंधार कसा दाखवायचा ते हिंदी सिनेमाला कायमचं कळलं. त्या अंधारात १९६०च्या दशकात पांढरी साडी चालायला लागली. १९६४च्या ‘वह कौन थी’मधली पावसात उभी साधना आठवा. कृष्णधवल पडद्यावर रात्री दुसरा कुठला रंग दिसणार? शिवाय पांढरं म्हणजे वैधव्य, हा संकेत बंगाल आणि उत्तरेकडचा. आपल्याकडे ब्राह्मण विधवा लाल आलवण नेसत. आणि आपल्या गोष्टींतली हडळ समोरून भरलेली बाई आणि पाठीमागून नुसता सापळा. वेरूळच्या त्या सापळ्याची ही थेट नातेवाईक, पण पडद्यावर तिला फारसं कोणी आणलं नाही. पाठ दाखवायची तर खर्च येतो, साडी स्वस्त पडते.

रामसे बंधूंनी १९७२च्या ‘दो गज ज़मीन के नीचे’पासून रबराचे चेहरे आणि हिरवा-लाल उजेड आणला. त्यांना हसणारे पुष्कळ आहेत, मी नाही. १९८४च्या ‘पुराना मंदिर’मधला सामरी हा राक्षस शेवटी त्रिशूळापुढे हरतो. रबर विलायती पद्धतीचं, पण राखणीचा हिशोब कीर्तिमुखाचाच.

शेवटी तुम्ही विचारलेलं ‘तुंबाड’. तो शंभर टक्के आपला आहे का, असा तुमचा प्रश्न. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलेली हकीकत अशी की १९९३मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली आणि ते हादरले. सिनेमाचं बीज तिथलं. ती धारपांची गोष्ट मुळात स्टीफन किंगच्या एका कथेवर बेतलेली होती. नागझिरा गोंदिया-भंडाऱ्याच्या हद्दीत, म्हणजे भवभूतीच्या गावापासून फार लांब नाही. आता अमेरिकेत लिहिलेली, पुण्याच्या लेखकाने मराठी केलेली, आमच्या झाडीत रात्री सांगितलेली गोष्ट टक्क्यांत कशी वाटून द्यायची, ते तुम्हीच ठरवा.