डेझर्ट मॅरीगोल्डला 'वाळवंटी झेंडू' म्हणावं का?

अ‍ॅरिझोनात राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय की त्यांच्याकडे रस्त्याच्या कडेला, खडीत, कुठेही उगवणारं पिवळंधमक डेझर्ट मॅरीगोल्ड लेकीला मराठीत सांगताना 'वाळवंटी झेंडू' म्हटलं तर चालेल का. चालेल की, कोण अडवतंय, पण मला ते पटत नाही, आणि घोळ मुळात मॅरीगोल्ड या शब्दातच आहे.

इंग्रजीत पूर्वी नुसतं 'गोल्ड' असं एका फुलाचं नाव होतं, मग त्याच्याआधी मेरी (येशूची आई) लागली, आणि ते फूल म्हणजे कॅलेंड्युला. आपला झेंडू मूळचा मेक्सिकोचा, तिथे त्याला सेम्पासुचिल म्हणतात, नाहुआट्ल भाषेत 'वीस फूल' म्हणजे भरपूर पाकळ्यांचं. तो युरोपात पोचल्यावर त्यालाही मॅरीगोल्ड चिकटलं आणि पुढे तर पिवळं दिसलं की मॅरीगोल्ड असाच कारभार झाला, मार्श मॅरीगोल्ड तर या बाकीच्यांसारखं सूर्यफुलाच्या कुळातलंसुद्धा नाही!

म्हणजे तिकडे नाव फिरलं रंगावरून. आपल्याकडे झेंडू म्हटलं की गच्च भरलेला गेंद डोळ्यासमोर येतो (कोकणात तर सरळ गोंडाच म्हणतात), पानं चुरगाळल्यावरचा तो उग्र वास आठवतो. डेझर्ट मॅरीगोल्डचं रूपच वेगळं, चपटं, पाकळ्यांच्या टोकाला तीन दाते, करडी लोकरीसारखी पानं बहुतेक सगळी बुडाशी आणि वर लांब उघड्या देठावर एकेकटं फूल. जुनं झालं तरी पाकळ्या लगेच झडत नाहीत, कागदासारख्या होऊन खाली वळतात.

शास्त्रीय नाव बेलीया मल्टिरेडिएटा, पैकी बेलीया हे जेकब व्हिटमन बेली या अमेरिकन प्रोफेसरवरून. पण 'बेलीचं फूल' म्हणाल तर लोक बेलाचं झाड शोधतील.

माझं मत 'वाळवंटी सोनकी'. सह्याद्रीत पावसाळा सरताना पठारं पिवळी करते ती सोनकी, तीही सूर्यफुलाच्याच कुळातली, चपटी, रानातली, आणि मुख्य म्हणजे नावात सोनं आहे, मॅरीगोल्डमधलं मूळचं गोल्ड आपोआप आलं. सोनकीच्या पाकळ्या मोजक्या, हिच्या कितीतरी जास्त, एवढा फरक चालवून घ्या. चिंब सड्यावरचं नाव वाळवंटात नेणं विचित्र वाटेल, पण त्यासाठीच तर आधी 'वाळवंटी' लावलंय ना.

आणि शेजारी कुणी शेळ्यामेंढ्या पाळत असेल तर त्यांना हे झाड विषारी असतं, तेवढं लेकीला सांगून ठेवा.