सोलापुरात बीई करून थिअरीत प्राध्यापक होता येतं का?

तुम्ही विचारलंय की सोलापुरात कॉम्प्युटरचं बीई चालू आहे, थिअरीची (संगणकाला काय जमतं आणि किती अवघड जातं ते गणिताने सिद्ध करणारी शाखा) गोडी लागलीय, पुढे त्यातच प्राध्यापक व्हायचंय, पण घरचे म्हणतात हिंजवडीत नोकरी धर. मीही सोलापूरचाच. इथेच बीई केलं आणि पुढे याच विषयात पीएचडी, म्हणून लिहितो.

होता येतं. या विषयाला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. गणित लागतं, आणि आपली सिद्धता कुठे ढासळली ते तोंडावर सांगणारी माणसं लागतात. त्यांच्यासाठी बीईनंतर गाव सोडावं लागतं. मुंबईच्या टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची आपापली प्रवेश परीक्षा असते, आयआयटींसाठी गेट ही सामाईक परीक्षा द्यायची. टीओसी, म्हणजे बीईतला 'थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन' हा विषय, आपल्याकडे नुसता 'काढायचा' पेपर समजतात, याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही तसं करू नका. पुस्तकातली सिद्धता झाकून ठेवा आणि स्वतः लिहून बघा.

पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. ज्युनिअर फेलोशिप 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे. हिंजवडीतले मित्र पगारात पुढे जाणार, हे घरी आधीच सांगून टाका. मग एक-दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची जागा), बहुधा परदेशात, आणि त्यानंतर कायमची जागा. शोधनिबंध आधी स्टॉक (STOC), फॉक्स (FOCS) अशा थिअरीच्या परिषदांत जातात. लेखकांची नावं आडनावाच्या वर्णक्रमाने लागतात, त्यामुळे 'पहिला लेखक कोण' याला इथे अर्थ नसतो. दुसऱ्या शाखेच्या निवड समितीला हे समजावून सांगावं लागतं.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे काळाचं माप. इचलकरंजीच्या सुभाष खोत यांनी प्रिन्स्टनला पीएचडी करताना, 2002 मध्ये, युनिक गेम्स कंजेक्चर मांडलं. काही प्रश्नांचं अचूक उत्तर तर सोडाच, त्याच्या जवळपासचं उत्तर काढणंही किती अवघड, याबद्दलची ती अटकळ. 2014 मध्ये त्यांना संगणकशास्त्राच्या गणिती बाजूसाठी दिलं जाणारं नेवानलिना पारितोषिक मिळालं. 2018 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत तिच्याच एका सौम्य रूपाची सिद्धता पूर्ण केली. मूळ अटकळ अजून सुटलेली नाही, आणि तरी तिच्या आधारावर कितीतरी निकाल उभे राहिले. मला हा विषय आवडतो तो यासाठीच.

तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यासाठी टीआयएफआरच्या व्हीएसआरपीसारख्या, विद्यार्थ्यांना संशोधन करू देणाऱ्या उपक्रमांना अर्ज करा. एकाच प्रश्नापुढे आठवडेच्या आठवडे बसून तुम्ही रमता की कंटाळता, ते तिथे कळेल. घरच्यांशी त्यानंतर बोला.