तुमचे प्रश्न : जत्रेतलं नाटक काचेत मावेल का?

गेल्या अंकात एक छोटी चौकट दिली होती, काचेवर आणि डीएनएमध्ये डेटा साठवायचे प्रयोग चाललेत म्हणून. चार ओळींची चौकट, पण त्यावर इतके मेसेज आणि पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच द्यावं लागलं. साखळीच्या गुरुजींचं पत्र मुद्दाम शेवटी घेतलंय, त्याला जागा लागणार आहे.

प्रश्न : मोबाईलवर रोज सकाळी 'स्टोरेज फुल' येतं. मुलगा म्हणतो थांब, थोड्या वर्षांत फोनमध्ये हजार टीबी मिळणार. खरंच का? (एक गृहिणी, मडगाव)

ताई, वाढणार हे खरं, हजार टीबी मात्र इतक्यात नाही (एक टीबी म्हणजे हजार जीबी). फोनमधली मेमरी म्हणजे फ्लॅश चिप. आधी त्यात सगळं एकाच थरात असायचं, मग जागा संपली तसे एकावर एक माळे चढवायला लागले, ताळगावात जमीन संपल्यावर टॉवर उभे राहिले तसंच. २०१३ साली २४ थरांची चिप बाजारात आली, आता ३०० च्या वर थर गेलेत आणि नखाएवढ्या मेमरी कार्डात २ टीबी मिळतात. पण प्रत्येक माळ्यागणिक वरपासून खालपर्यंत सरळ भोक पाडणं अवघड होत जातं, त्यामुळे वाढ होईल ती हळूहळूच. तोवर व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन 'स्टोरेज अँड डेटा' उघडा आणि मोठ्या फाईली आधी काढा, बहुतेकांचा फोन तिथेच भरलेला असतो.

प्रश्न : सगळे म्हणतात हार्ड डिस्कचे दिवस संपले, तरी कंपन्या नवीन काढतातच. मग पुढची मोठी झेप नक्की कशात आहे? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, फर्मागुडी)

छान प्रश्न विचारलास. आणि मला वाटतं हार्ड डिस्कचं मरण लोकांनी फारच लवकर जाहीर केलं.

पहिली हार्ड डिस्क १९५६ ची, आयबीएमची, २४ इंच रुंदीच्या ५० तबकड्या, कपाटाएवढं धूड, वजन टनाच्या आसपास आणि त्यात मावायची फक्त ५० लाख अक्षरं, म्हणजे आज तू फोनवर काढतोस तो एक फोटो. आता हातात मावणारी ३६ टीबीची डिस्क आलीय, म्हणजे सत्तर लाख पट. मधे बराच काळ गाडी अडली होती आणि ती का अडली हे समजून घेण्यासारखं आहे. डिस्कवर लोहचुंबकाचे बारीक बारीक कण असतात, जास्त डेटा हवा तर कण अजून बारीक करायचे, पण कण फारच बारीक झाला की खोलीतल्या साध्या उष्णतेनेच त्याची दिशा उलटते, म्हणजे लिहिलेलं आपोआप पुसलं जातं! मग लोखंड आणि प्लॅटिनमचा असा मिश्रधातू घेतला की ज्याची दिशा सहजासहजी फिरतच नाही. झालं, आता तो डिस्कवर लिहिणाऱ्या भागाला, म्हणजे हेडलाही दाद देईना. त्यावर तोडगा म्हणजे हेडमध्येच एक इवलासा लेझर बसवला, तो त्या ठिपक्याला ४०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतो, कण नरम पडतो, त्याच क्षणी बिट (एक शून्य किंवा एक) लिहिली जाते आणि नॅनोसेकंदात ते थंड होऊन जागच्या जागी गोठतं. याला हॅमर म्हणतात. यावर लोकांनी वीस-पंचवीस वर्षं डोकं फोडलं आणि २०२४ च्या जानेवारीत सीगेटने ३० टीबीच्या वरच्या अशा डिस्क जाहीर केल्या. मला विचारशील तर खरी झेप ही, कारण ती प्रयोगशाळेतून बाहेर पडून कामाला लागलीय.

टेपलाही विसरू नकोस. मोठ्या डेटा सेंटरमध्ये आजही टेप आहे, कारण ती कपाटात पडून असते तेव्हा विजेचा एक युनिटही खात नाही. आज टेपच्या एका डबीत (कार्ट्रिजमध्ये) १८, ३० टीबी असं मिळतं आणि २०२० मध्ये फुजीफिल्म आणि आयबीएमने ५८० टीबी मावतील असा टेपचा नमुना प्रयोगशाळेत करून दाखवला.

ऑप्टिकलमध्ये, म्हणजे सीडी-डीव्हीडीसारख्या प्रकाशाने लिहायच्या-वाचायच्या तबकड्यांत, २०२४ ला शांघायच्या संशोधकांनी डीव्हीडीच्याच आकाराच्या तबकडीत शंभर थर वापरून १.६ पेटाबिट, म्हणजे साधारण २०० टीबी मावू शकतात हे दाखवलं. आकडा जबरदस्त आहे. पण कुठलीही अशी बातमी वाचलीस की लगेच दुसरा प्रश्न विचार, लिहायला किती वेळ लागतो? मावतं किती हे मथळ्यात येतं, वेग आत कुठेतरी शेवटच्या ओळीत असतो. २०१९ मध्ये कृष्णविवराचा पहिला फोटो आला ना, त्यासाठी जमवलेला डेटा साधारण ५ पेटाबाईट, म्हणजे पाच हजार टीबी होता, तो इंटरनेटवरून पाठवणं परवडणारंच नव्हतं म्हणून अर्धा टन हार्ड डिस्क विमानाने नेल्या आणि दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा संपून विमान उडेपर्यंत तिथेच अडकून होत्या. जागा होती, डेटा होता, फक्त तो हलवता येत नव्हता. तुला प्रोजेक्ट करायचा असेल तर वेगाकडे बघ, तिथे काम खूप आहे.

प्रश्न : डीएनएमध्ये डेटा म्हणजे माणसाच्या किंवा जनावराच्या अंगात भरणार का? भीती वाटते वाचून. (एक वाचक, पेडणे)

नाही हो, घाबरू नका. कुठल्याही जिवंत प्राण्याचा त्याच्याशी संबंध नाही. डीएनए म्हणजे ए, सी, जी, टी या चार अक्षरांची लांब माळ, कॉम्प्युटरची शून्य-एकची भाषा या चार अक्षरांत बदलायची, तशी माळ यंत्रात रसायनांपासून बनवायची आणि वाळवून छोट्या कुपीत ठेवायची. वाचायचं झालं की हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जनुकं वाचतात त्याच तऱ्हेच्या मशीनने वाचायचं. २०१३ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी शेक्सपिअरची १५४ सुनीतं अशी साठवून परत वाचून दाखवली. २०१७ च्या एका प्रयोगात हिशोब निघाला की एका ग्रॅममध्ये २१५ पेटाबाईट बसतील, चमचाभर साखरेपेक्षाही कमी वजनात दोन लाखांहून जास्त टीबी! आणि टिकतं किती म्हणाल तर ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतून सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचं डीएनए २०२२ मध्ये वाचलं गेलं, अर्थात ते थंडीमुळे टिकलं, आपल्या हवेत उघड्यावर टिकलं नसतं.

अडतं कुठे, तर २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि वॉशिंग्टन विद्यापीठाने सगळं आपोआप करणारं यंत्र बनवलं, त्याला 'हेलो' एवढा एकच शब्द लिहून परत वाचायला २१ तास लागले. त्यामुळे घरात वापरायची वस्तू म्हणून याची वाट बघू नका, हे होईल ते आधी मोठमोठ्या दप्तरखान्यांसाठी.

प्रश्न : आमच्या गावच्या देवळात उत्सवाला गावकरीच मराठी नाटक करतात. १९९१ ते २००६ पर्यंतच्या नाटकांच्या ४० व्हीएचएस कॅसेट माझ्याकडे आहेत, एकेक तीन तासांची. १९९४ च्या कॅसेटमध्ये माझ्या वडिलांचं शेवटचं काम आहे. पुतण्या म्हणतो काचेत दहा हजार वर्षं टिकेल असं तंत्र येतंय, तेव्हा एकदाच करू. थांबू का? (निवृत्त शिक्षक, वय ७१, साखळी)

गुरुजी, थांबू नका. हे मी हात जोडून सांगतोय.

पुतण्या सांगतो ते खोटं नाही. मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी २०१९ मध्ये १९७८ चा अख्खा सुपरमॅन सिनेमा साडेसात सेंटिमीटर लांब, तेवढ्याच रुंद आणि दोन मिलिमीटर जाडीच्या काचेत लिहिला. अतिशय कमी वेळाचे लेझरचे ठोके देऊन काचेच्या पोटात बारीक खुणा करतात आणि मायक्रोस्कोपखाली प्रकाश टाकून त्या वाचतात. ती काच त्यांनी पाण्यात उकळली, भट्टीत भाजली, तारेच्या घासणीने घासली, डेटा शाबूत. इंग्लंडच्या साउथहॅम्प्टन विद्यापीठानेही असंच स्फटिकात लिहायचं तंत्र काढलंय, २०२४ मध्ये माणसाचा सगळा जनुकीय आराखडा त्यात लिहून ऑस्ट्रियातल्या एका मिठाच्या खाणीतल्या संग्रहात ठेवला. वाचून अंगावर काटा येतो, खरंच.

पण तुमची अडचण जागेची नाहीच. हिशोब करू. ४० कॅसेट गुणिले तीन तास म्हणजे १२० तास. चांगल्या प्रतीत, डीव्ही या डिजिटल व्हिडिओच्या फॉरमॅटमध्ये घेतलं तर तासाला साधारण १३ जीबी, एकूण दीड टीबीच्या आसपास. म्हणजे सोळा वर्षांचा उत्सव, सगळी पात्रं, सगळी पदं, मधे मधे लाईट गेल्यावर पेट्रोमॅक्सवर झालेले प्रवेशसुद्धा, आज बाजारात मिळणाऱ्या २ टीबीच्या एका डिस्कमध्ये बसतं. काचेची गरज तुमच्या नाटकांना नाही, आणि ती काच काही दुकानात मिळत नाही अजून.

तुमची शर्यत आहे ती बुरशीशी. आपल्याकडे जूनपासून चार महिने हवा ओली असते, कपाटातल्या चपलाही हिरव्या होतात, मग टेप कशी सुटेल? कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून उजेडात बघा. टेपच्या रिळाची कड काळीभोर, गुळगुळीत दिसली पाहिजे. तिथे पांढरी भुकटी किंवा कापसासारखे ठिपके दिसले तर ती बुरशी, आणि अशी कॅसेट चुकूनही व्हीसीआरमध्ये घालू नका, हेड खराब होतो आणि तीच बुरशी पुढच्या धडधाकट कॅसेटला लागते. अशा कॅसेट वेगळ्या करा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर काही आठवडे ठेवा, बुरशी सुकते, मग टेप साफ करणाऱ्या माहितगार माणसाकडे द्या.

दुसरं म्हणजे मशीन. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी २०१६ मध्ये थांबली. म्हणजे आज जे व्हीसीआर आहेत तेवढेच, त्यांचे रबरी पट्टे सैल होतायत आणि ते दुरुस्त करणारे हातही म्हातारे होतायत. कॅसेट उत्तम राहिली आणि वाचायला यंत्रच नसलं तर काय करणार? काचेचंही पुढे हेच होऊ शकतं म्हणून मला दहा हजार वर्षांच्या गोष्टीने तेवढं समाधान वाटत नाही. आपल्या गोव्याच्या पुराभिलेख खात्यात सोळाव्या शतकापासूनचे पोर्तुगीज कागद आहेत, ते वाचायला डोळे आणि भाषा पुरते. काच वाचायला लेझर, मायक्रोस्कोप आणि तो प्रोग्रॅम लागणार.

तिसरं, वेळ. कॅसेट वाजते त्याच वेगाने कॉपी होते, कितीही मोठा कॉम्प्युटर आणा. १२० तास म्हणजे १२० तास. रोज एक कॅसेट लावली तरी दीड महिना जाईल. व्हीसीआर, त्यातून निघणारी पिवळी-पांढरी-लाल वायर आणि व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं एक यूएसबी कॅप्चर कार्ड एवढंच लागतं, पुतण्या हे नक्की करू शकेल.

झालेल्या कॉपी मात्र एका ठिकाणी ठेवू नका. हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या वडिलांच्या भजनांचं रेकॉर्डिंग मी एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेतलं, लाकडी कपाटात ठेवलं आणि निर्धास्त झालो. चार पावसाळे उलटल्यावर लावली तर आतून फक्त टक्, टक्, टक् असा आवाज, बाकी काही नाही. दुरुस्तीवाल्याने बराच पैसा घेऊन थोड्या फाईली काढून दिल्या, पण आषाढी एकादशीचं दोन तासांचं भजन गेलं ते गेलंच, त्यात वडिलांचा आवाज सगळ्यात मोकळा लागला होता. म्हणून सांगतो, तीन कॉपी करा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक गावाबाहेर, पुतण्या पुण्याला किंवा बेंगळुरूला असेल तर त्याच्याकडे. एसएसडी (फोनसारखी फ्लॅश चिप असलेली डिस्क) किंवा पेन ड्राईव्ह वर्षानुवर्षं विजेशिवाय ठेवू नका, त्यातला विद्युतभार हळूहळू गळतो. वर्षातून एकदा, उत्सवाची तयारी सुरू होते तेव्हा, सगळ्या डिस्क लावून दोन-चार फाईली उघडून बघा आणि दर पाच-सहा वर्षांनी नव्या डिस्कवर हलवा. काच स्वस्त होऊन येईल त्या दिवशी याच फाईली तिच्यावर जातील, मूळ कॅसेट तोवर राहणार नाहीत. फाईलच्या नावात साल, नाटक, अंक आणि कामं करणाऱ्यांची नावं लिहा, नाहीतर वीस वर्षांनी पडद्यावर कोण उभं आहे हे सांगायला कोणी नसेल, आज तुम्ही आहात.

आणि सुरुवात क्रमाने १९९१ पासून करू नका. आज रात्री १९९४ ची कॅसेट काढा, खिडकीतून उजेडात कड बघा. स्वच्छ असेल तर पुढे आणि मागे एकदा पूर्ण फिरवून घ्या आणि पहिली तीच कॉपी करा. पांढरं दिसलं तर व्हीसीआरला न लावता सदराच्या पत्त्यावर कळवा, टेप साफ करणारे एक-दोन जण माझ्या माहितीत आहेत, मी स्वतः बोलून देतो.