दुसऱ्या देशाची सनद, लंडनची वाट

प्रश्न : माझ्याकडे सनद आहे आणि चार वर्षं दिवाणी वकिली केली आहे. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर (अशिलाला सल्ला देणारा, त्याची कागदपत्रं करणारा वकील) व्हायचं तर तिथे पुन्हा पदवी घ्यावी लागेल का?

उत्तर : नाही. 2021पासून तिथे एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) ही सॉलिसिटर होण्यासाठीची परीक्षा आहे आणि परदेशी वकिलांनाही ती देता येते. इतरांना लागणारा दोन वर्षांचा कामाचा अनुभव सनदधारकांना दाखवावा लागत नाही. एलएलएमवर, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीवर, मोठा खर्च करण्याआधी हे नक्की लक्षात घ्या. इंग्लंडच्या सनदेसाठी त्याची सक्ती नाही.

परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात प्रत्येकी 180 प्रश्नांचे दोन पेपर असतात. पाच पर्यायांतून एक सर्वांत योग्य उत्तर निवडायचं, पुस्तक न उघडता. एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटंही मिळत नाहीत. अनुभवी वकील अडखळतात ते इथेच. दोन-तीन पर्याय बरोबर वाटतात आणि हात आपल्या देशातल्या तरतुदीकडे जातो. जमीन कायदा, ट्रस्ट आणि सॉलिसिटरचे हिशेब यांना जास्त वेळ द्या. अशिलाचे पैसे फर्मच्या पैशांपासून वेगळे कसे ठेवायचे, याच्या नोंदी हातानं लिहून सराव करा; नुसतं वाचून ते जमत नाही. दुसऱ्या टप्प्यात 12 लेखी आणि 4 तोंडी कामं असतात. अनुभवाच्या आधारे त्यातून सूट मागता येते, म्हणून शुल्क भरण्याआधीच अर्ज करा.

सनद मिळाली म्हणजे व्हिसा मिळाला असं मात्र नाही. नोकरी शोधताना ती फर्म व्हिसा प्रायोजित करू शकते का, हे आधी विचारा.