ओसाड म्हटल्या गेलेल्या मैदानातील सुवासिक भात

प्रश्न : थायलंडचा प्रसिद्ध सुवासिक तांदूळ ज्या मैदानात पिकतो, ते पूर्वी ओसाड होते असे ऐकले. मग तेथे असे पीक कसे येऊ लागले आणि त्यातून शेतकरी सधन झाला का? – एक वाचक, भोर

उत्तर : ‘ओसाड’ हा शब्द बाहेरच्यांचा आहे. ईशान्य थायलंडमधील, म्हणजे इसानमधील, तुंग कुला रोंगहाई हे मैदान रोई एत, सुरिन, सिसाकेत, यसोथोन आणि महा साराखाम या पाच प्रांतांत पसरलेले आहे. जमिनीखाली खनिज मिठाचे थर आणि वर रेताड माती असल्यामुळे तेथे पावसाळ्यात पाणी तुंबते, तर कोरड्या दिवसांत मीठ पांढरे होऊन वर येते. तरीही या भागात वस्ती प्राचीन काळापासून होती; लोक ते मीठ पाण्यात विरघळवून, उकळून काढत. सुवण्णफूम तालुक्यात ख्मेरकालीन, म्हणजे जुन्या कंबोडियन साम्राज्याच्या काळातील, मंदिराचे अवशेष आजही उभे आहेत.

गंमत अशी की हे भात मूळचे येथले नाही. बँकॉकच्या पूर्वेकडील चाचोएंगसाओ प्रांतातून गोळा केलेल्या वाणांतून निवडलेली ‘खाओ डॉक माली 105’ ही जात 1959 मध्ये लागवडीसाठी मान्य झाली, आणि 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या मदतीने या मैदानात पाण्याचा निचरा, कालवे व रस्ते यांची कामे झाल्यावर ती तेथे चांगलीच रुजली. आपल्या आंबेमोहोराला सुगंध देणारा मुख्य घटक याही तांदळात असतो, आणि पीक पक्व होताना जमिनीतील क्षार व पाण्याचा ताण यांमुळे तो वाढतो, असे मानले जाते.

सधनतेचे मात्र तसे नाही. ही जात दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलते, त्यामुळे पावसाच्या पाण्यावर वर्षातून एकच पीक निघते; मध्य थायलंडमधील बागायतदार दोन पिके घेतो. उत्पादनही बेताचे असते. म्हणून घरटी कोणीतरी बँकॉकला कामाला जातो, गावात आजी-आजोबा नातवंडे सांभाळतात, आणि मजुरांअभावी लावणीऐवजी फेकून पेरणी व यंत्राने कापणी रूढ झाली आहे. युरोपीय संघाने 2013 मध्ये या तांदळाला भौगोलिक मानांकन दिले खरे. पण नोव्हेंबरात सर्वांची कापणी एकदमच होते, बाजारात आवक वाढून भाव पडतो, आणि ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला भात साठवून ठेवणे परवडत नाही.